पेन्सिल कोणाच्या हातात

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि त्याच्या चौकटींत, तिथी आणि सणांच्या खाली, आईने पेन्सिलीने लिहिलेली अक्षरं असायची. एम, ई, एन, डीओ. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट आणि डे ऑफ. आई एका जिल्ह्याच्या गावी इस्पितळात नर्स होती. बाबा एसटीत कंडक्टर. त्यांच्या नोंदी त्याच चौकटींत, पण निळ्या बॉलपेनने असायच्या : ‘वस्ती’, म्हणजे त्या रात्री गाडी बाहेरगावी मुक्कामी, ‘सुटी’, आणि मधूनच एखादं ‘डबल’. घरी पाहुणे यायचे असले, दळण आणायचं असलं, दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं, तरी आधी ही अक्षरं बघायची. एकादशी नंतर.

एकाची नोंद पेनने आणि दुसरीची पेन्सिलीने का, हे मला फार उशिरा कळलं. बाबांच्या गाड्या ठरलेल्या असत. पहाटे साडेचारला उठायचं असे, खडबडीत रस्ता असे, वस्तीच्या गावी झोपायला धड जागा नसे, पण पुढच्या आठवड्यात कुठली फेरी आहे हे त्यांना माहीत असे. आईच्या वॉर्डाची ड्युटी शनिवारी दुपारी लागायची आणि बुधवारपर्यंत दोनदा बदलायची. कोणी रजेवर गेलं, कोणाची बदली झाली, कुठल्या तरी वॉर्डात माणूस कमी पडलं, की एमचं ई व्हायचं आणि डीओ पुसला जायचा. आमच्या कालनिर्णयावर महिन्याच्या अखेरीस आईच्या चौकटी खोडरबराने काळवंडलेल्या असायच्या. एक-दोन ठिकाणी कागद फाटलेलाही असे.

मी दहावीत होतो त्या वर्षी आईने पूर्ण फेब्रुवारीत नाइट मागून घेतल्या. आपण होऊन. दिवसा घरी राहता येईल, मी अभ्यासाला बसलो की समोर कोणीतरी असेल, असा तिचा हिशेब. ती सकाळी यायची, अंघोळ करून भाकरी टाकायची, दुपारी पडद्याआड तीन-चार तास झोपायची. डोळे लाल असत, पण आवाज चढलेला मला आठवत नाही. त्यानंतर दोन वर्षांनी तिला एका गुरुवारी दुपारी सांगितलं गेलं की उद्यापासून चार नाइट. मावशीच्या घरचं केळवण होतं, ते बुडालं. त्या चार रात्रींनंतर ती दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. ताप नव्हता, दुखणं नव्हतं. बाबा म्हणाले, ‘शीण आलाय, पडू दे.’ निव्वळ रात्री मोजल्या तर फेब्रुवारीत तिने कितीतरी जास्त केल्या होत्या.

एका घरातल्या एका बाईवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळतं. तरी या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं ते ते फाटलेलं कालनिर्णयच. पुढच्या पानांत परिचारिका, पोलीस, वाहक-चालक, कॉल सेंटरमधली मुलं आणि कारखान्यातले शिफ्ट इन्चार्ज यांनी लिहिलेली टिपणं आहेत. कोणी ड्युटी करणारे आहेत, कोणी ड्युटी लावणारे. सगळे थकव्याबद्दल लिहितात, पण बारकाईने वाचलं तर फार थोडी तक्रार कामाबद्दल आहे. उरलेली कागदाबद्दल आहे : भिंतीवर डकवलेल्या, दुसऱ्या कोणीतरी भरलेल्या कागदाबद्दल.

आपल्या भाषेला हा फरक जुना ठाऊक आहे. शेतावरून आलेला माणूस ‘दमलो’ म्हणतो आणि ओसरीवर टेकतो. तांब्याभर पाणी प्यायलं, पाय पसरले, की दम उतरतो. शिणवटा तसा नसतो. तो झोपेने उतरत नाही. त्याहून पलीकडे ‘जेरीला येणं’, ‘मेटाकुटीला येणं’ आहे, आणि गंमत अशी की या दोन्ही शब्दांत कोणीतरी दुसरा हजर असतो. माणूस आपणहून जेरीला येत नाही. त्याला कोणी तरी किंवा कशाने तरी जेरीला आणावं लागतं. कामाच्या ठिकाणचा थकवा मोजणारे बहुतेक लोक दम मोजतात. या पुस्तकाचा विषय दुसरा आहे.

कामाच्या वेळेचा आपल्याकडचा इतिहास तासांनी लिहिला गेला, आणि तो तसा लिहिला जाणं त्या काळी अटळ होतं. १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरली आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले, ‘दीनबंधु’चे संपादक. त्या निवेदनातल्या मागण्या आज वाचताना एक गोष्ट जाणवते. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा आणि अपघात झाला तर भरपाई मिळावी, या मागण्या त्यात आहेतच; पण यादीत आधी येतं ते घड्याळ. रविवारी पूर्ण सुटी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावं लागलं. पुढे कायद्याने आठवड्याचे तास हळूहळू खाली आणले : १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. १९४८ च्या कारखाने कायद्याने हे ४८ तास पक्के केले, दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विसावा सक्तीचा केला.

याच कायद्यात कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावण्याबद्दल एक कलम होतं. वेळा कामगाराला वाचता येतील अशा भाषेत आणि सहज दिसतील अशा जागी लावल्या पाहिजेत. मला हे कलम फार बोलकं वाटतं. कामगाराला आपली वेळ वाचता आली पाहिजे, इथवर कायदा आला. ती लिहिण्यात त्याचा काही हात असावा, हे कोणाच्या मनात आलं नसावं. आलं असतं तरी शेकडो माग एका पट्ट्यावर चालतात तिथे ते जमलं नसतं. गिरणीचा भोंगा एकच होता आणि तो सगळ्यांसाठी वाजायचा. पण पट्टे गेले, भोंगे गेले, गिरण्यांच्या जागी मॉल आले, आणि आपण मात्र अजून कागद दुसऱ्यानेच भरायचा असं धरून चालतो.

कागदावरचे तास पाळले जातात असंही नाही. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये असा केंद्राचा आदेश १९९२ सालचा आहे. कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये रात्री एकला जाऊन एखाद्या निवासी डॉक्टरला तो आदेश ऐकवून बघावा. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने उलट्या दिशेची वाट धरली : कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याला आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्याला मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, अशी अट आहे. अट चांगली आहे. फक्त संमतीचा कागद आधीच टाइप करून समोर ठेवला जातो, सही कुठे करायची तिथे फुली मारलेली असते, आणि पलीकडे बसलेला माणूस पेनाचं टोपण उघडून देतो, हे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको.

रात्रीबद्दल दोन शब्द इथेच लिहून टाकतो, कारण शरीराचं घड्याळ हा काही मनाचा खेळ नाही. त्याची यंत्रणा पेशीच्या आत कशी चालते हे उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना, हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना, २०१७ चं नोबेल मिळालं. ज्या रात्रपाळीमुळे हे घड्याळ विस्कटतं तिला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये बहुधा कर्करोगकारक गोष्टींच्या गटात टाकलं. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात आणि मेंदू थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकाच सुस्त चालतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मोजून दाखवलं गेलं. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट असं पुढे सरकत जाणं शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपं जातं. इव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी सकाळी परत मॉर्निंगला हजर होणं फार वाईट, आणि वॉर्डात तेच सर्रास चालतं. म्हणजे स्वतःच्या हाताने ड्युटी लिहिली म्हणून रात्र काही दिवस होत नाही. फेब्रुवारीतले आईचे डोळे लालच होते.

मग मागून घेतलेल्या आणि लादलेल्या रात्रीत फरक कसला? १९७९ मध्ये रॉबर्ट करासेक या अमेरिकन अभ्यासकाने स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची माहिती तपासून एक साधी मांडणी केली. कामाचा रेटा किती आहे एवढंच बघून चालत नाही. तो रेटा कसा झेलायचा हे ठरवण्याची मोकळीक किती आहे तेही बघावं लागतं. रेटा जास्त आणि मोकळीक जास्त, असं काम माणसाला घडवतं. रेटा जास्त आणि मोकळीक नाही, असं काम त्याला पोखरतं. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात दहा हजारांवर माणसं होती. सगळी कचेऱ्यांतली, ओझी उचलण्याच्या कामातली नव्हेत. त्यांच्यात ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसलं. ‘साहेबांना टेन्शन असतं’ ही आपल्या कचेऱ्यांतली लाडकी समजूत आहे. टेन्शन असेलही, पण छातीत कळ येण्याची शक्यता साहेबांच्या दाराबाहेर बसलेल्याला अधिक होती.

वेळेवरच्या ताब्याबद्दल नेमकं बोलायचं तर मला २०१० मधलं कॉक्रेन परीक्षण महत्त्वाचं वाटतं. कॉक्रेनचे लोक स्वतः प्रयोग करत नाहीत; झालेले प्रयोग चाळणीतून काढतात, आणि त्यांची चाळणी बारीक असते. ‘लवचिक वेळा’ या विषयावरचे फक्त दहा अभ्यास तिच्यातून खाली उतरले. त्यांत दोन तऱ्हा स्पष्ट वेगळ्या दिसल्या. माणसाला आपली पाळी स्वतः लावायला दिली, की झोप, रक्तदाब, मन यांच्यात सुधारणा आढळली. मालकाच्या सोयीची लवचिकता, म्हणजे मुदतीचं कंत्राट किंवा नको असताना कमी तासांचं काम, तिथे सुधारणा नाही, उलट काही ठिकाणी बिघाड. शब्द एकच, ‘लवचिक’. पण वेताची छडीही लवचिक असते, ती कोण वाकवतो आणि कोणाच्या पाठीवर उठते हा प्रश्न राहतोच.

म्हणूनच मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या मुलांना ‘तुम्हीच तुमच्या वेळेचे मालक’ असं सांगितलं जातं तेव्हा मी साशंक असतो. अ‍ॅप कधीही बंद करता येतं, हे खरं. पण जास्त पैसे नेमके पावसात आणि रात्री साडेनवाच्या गर्दीत मिळणार असतील, आणि ठरावीक ऑर्डरी पुऱ्या झाल्याशिवाय बोनस नसेल, तर बंद करण्याचं बटण हातात असून काय उपयोग? या पुस्तकातल्या एका टिपणात पुण्याचा एक मुलगा लिहितो की मी लग्नाला गेलो होतो पण फोन उलटा ठेवता येत नव्हता. त्या एका वाक्यासाठी ते टिपण वाचावं.

आता उलट बाजूचं एक उदाहरण, देवनारच्या पोलिसांचं. पोलिसांची ड्युटी बारा तासांची, आणि ‘बारा’ हा आकडाही नावालाच. बंदोबस्त लागला, आरोपी कोर्टात न्यायचा झाला, की घरी कधी जाणार ते घरच्यांना विचारायचं नसतं. २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्याच्या एका पोलीस नाईकाने आठ तासांच्या ड्युटीचा आराखडा स्वतः बसून तयार केला आणि तो थेट आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे मांडला. आहे तेवढ्याच मनुष्यबळात तीन पाळ्या बसवून दाखवायचं हे गणित होतं. मे २०१६ मध्ये ते देवनारलाच करून बघितलं गेलं, आणि नंतर शहरातल्या इतर ठाण्यांत नेलं गेलं. ही हकीकत सांगताना वर्तमानपत्रांचा भर आठ या आकड्यावर असायचा. मला त्यात दुसरंच मोठं वाटतं. ज्याला ती ड्युटी करायची होती त्याने ती लिहिली. कुठल्या वेळी ठाण्यात गर्दी असते, कुठली हजेरी निव्वळ उभं राहण्यापुरती असते, कुठल्या नोंदी दोनदा होतात, कोण कल्याणहून येतो आणि शेवटची लोकल किती वाजता सुटते, हे वरच्या कार्यालयात बसून कळत नाही. नाईकाला ते पाठ होतं. पुढे या योजनेचे दिवस सारखे राहिले नाहीत. सणासुदीचा बंदोबस्त आला की तिचं गणित मोडायचं, आणि जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या महिला पोलिसांसाठी आठ तासांची ड्युटी पुन्हा ‘प्रायोगिक तत्त्वावर’च जाहीर करावी लागली. आपल्याकडे चांगली गोष्ट कायम प्रायोगिक असते.

पेन्सिल हातात दिली की सगळं सुरळीत होतं, असा या पुस्तकाचा दावा नाही. निदान माझा तरी नाही. वॉर्डात स्वतः ड्युटी लावण्याची पद्धत सांगायला सोपी आहे. इन्चार्ज सिस्टरने प्रत्येक पाळीला किमान किती माणसं हवीत आणि त्यांत अनुभवी किती, हे वर लिहायचं. खाली चार आठवड्यांचा कोरा तक्ता ठेवायचा. सगळ्यांनी आपापल्या ओळी भरायच्या. जिथे जास्त झाले किंवा कमी पडले तिथे बसून मिटवायचं. आणि मग तो तक्ता शाईने पक्का करायचा. पहिल्याच महिन्यात काय होतं ते या पुस्तकातल्या तिघीजणींनी लिहिलं आहे. ज्येष्ठ सगळ्या मॉर्निंग घेऊन टाकतात. लग्न न झालेल्या मुलीने नाइट घ्याव्यात असं सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं असतं, ‘तुझ्यामागे कोण आहे?’ म्हणून. तिच्यामागे आजारी वडील असू शकतात हे कोणी विचारत नाही. गणपतीत अख्खं कोकण एकदम रजेवर जायला बघतं. मग पहिली पसंती फिरती ठेवावी लागते : या महिन्यात जिने आधी भरलं तिने पुढच्या महिन्यात शेवटी. सणांची अदलाबदल मात्र माणसं स्वतःच छान करतात, ईदला तू, दिवाळीला मी, नाताळच्या रात्री आम्ही दोघी. मेट्रनच्या सहीने हे कधी इतकं सहज झालं नव्हतं.

आणखी एक अडचण आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. मोकळीक मिळाली की काही माणसं स्वतःलाच पिळतात. चार दिवस सलग सुटी मिळावी म्हणून बारा-बारा तासांच्या पाळ्या एकामागून एक लावून घेतात, किंवा डबल करून पैसे जोडतात, कारण मुलीची फी भरायची असते. तिथे नियम हवेतच : दोन पाळ्यांमध्ये किमान किती तास, सलग किती रात्री, याला वरून आडकाठी हवी. आणि जिथे सहा जणींचं काम तिघी करतात तिथे तक्ता कोणीही भरला तरी तो तिघींचाच असतो. रिकाम्या डब्यातून आपलं आपण वाढून घ्या म्हणण्यासारखं आहे ते. माणसं न भरता ‘स्वनियोजना’ची परिपत्रकं काढणाऱ्यांच्या हातात हे पुस्तक पडू नये अशी माझी फार इच्छा आहे, पण पुस्तक कोणाच्या हातात पडावं हे लिहिणाऱ्याच्या ताब्यात नसतं.

आई निवृत्तीआधी तीन वर्षं वॉर्डाची इन्चार्ज होती. स्वतः ड्युटी लावण्याची ही पद्धत तिने कुठे वाचलेली नव्हती. कंटाळून सुरू केली. शनिवारी दुपारी पाळी बदलताना ओव्हर देऊन-घेऊन झालं की टेबलावर रजिस्टर उघडं ठेवायची आणि म्हणायची, भरा. एकदा सर्वांत नवी आलेली मुलगी पहिल्या पाळीची होती, म्हणजे आधी लिहायचा मान तिचा. तिने पेन्सिल घेतली आणि तशीच उभी राहिली. मावशी फरशी पुसून गेल्या, सलाइन संपल्याची हाक आली, एक सिस्टर जाऊन ती बदलूनही आली, तरी ही तशीच. शेवटी तिने हळूच विचारलं, ‘सिस्टर, खरंच लिहू?’

आई सांगते, त्या मुलीने पहिल्या ओळीत तीन नाइट लिहिल्या, मग खोडल्या, मग त्यातली एक परत लिहिली, आणि रविवारच्या चौकटीत डीओ इतका दाबून लिहिला की तो पुढच्या पानावर उमटला.